कारखान्याला सवलत देण्याआधी मांडायचा हिशेब

नवा कारखाना आपल्या हद्दीत यावा म्हणून नगरपालिकेने काय द्यावं, यावर सभागृहात दोन-दोन तास चर्चा होते. पण हे दिलं नाही तर कंपनी खरंच येणार नाही का, हे कुणी विचारत नाही. सुरुवात तिथूनच करा. कंपनी आणखी कुठल्या जागा पाहते आहे, तिथली वीज, पाणी, रस्ता आणि कुशल कामगार यांची स्थिती काय, याचा तक्ता एका पानावर मांडा. अमेरिकेतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी 2018 मध्ये अंदाज मांडला, की सवलतीमुळेच जागा ठरली असं फक्त 2 ते 25 टक्के प्रकरणांत म्हणता येतं. बाकीच्या कंपन्या सवलत नसती तरी आल्या असत्या.

आता आकडे मांडू. समजा मालमत्ता कर वर्षाला 1 कोटी होणार आहे आणि तुम्ही दहा वर्षं निम्मा माफ करणार आहात. वरवर पाहता हे 5 कोटी झाले. पण उशिरा मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा असतो. म्हणून नगरपालिका वर्षाला 5 टक्के दराने या रकमेची आजची किंमत काढेल, तर ती सुमारे 3.86 कोटी येते. कंपनीला गुंतवणुकीवर 15 टक्के परतावा लागत असेल, तर त्याच सवलतीची किंमत तिच्या लेखी सुमारे 2.51 कोटीच. म्हणजे तुम्ही गमावता जास्त आणि तिच्या हाती पडतं कमी. लांबलचक करमाफीची खरी गोम ही. 200 नोकऱ्या येणार असतील तर दर नोकरीमागे 1.93 लाख पडतात. पण सवलतीमुळे निर्णय फिरण्याची शक्यता चारात एक धरली, म्हणजे चारपैकी तीन वेळा कंपनी तशीही आली असती असं मानलं, तर खरा खर्च 7.72 लाखांवर जातो. ठराव याच आकड्यावर करा. शिवाय मालमत्ता करात शाळा किंवा जिल्ह्याचा वाटा असेल, तर तोही कमी होणार आहे. त्यांना आधी विचारा.

पैसे द्यायचेच तर जागा तयार करण्यावर आणि प्रशिक्षणावर खर्च करा. निर्विवाद मालकी, औद्योगिक वापराची परवानगी, माती परीक्षण, जड वाहनं पेलणारा रस्ता आणि पुरेसा वीजभार एवढं हाताशी असलं, तरी कंपनीचे कित्येक महिने वाचतात. मोठा ट्रान्सफॉर्मर मागवल्यावर लगेच मिळत नाही, म्हणून भाराची चौकशी पहिल्याच बैठकीत करा. रोज किती घनमीटर पाणी लागेल आणि सांडपाणी कुठे जाईल, हेही लेखी घ्या. उद्या कंपनी गेली तरी रस्ता आणि शिकलेली माणसं गावातच राहतात.

पण हा खर्चही टप्प्याटप्प्याने करा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 2017 मध्ये फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी 13,000 नोकऱ्यांच्या बदल्यात सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलतींचा करार केला. 2021 मध्ये तो 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलर इतका आक्रसला. राज्याची बरीचशी रक्कम कामगिरीवर अवलंबून असल्याने वाचली. हा कारखाना जिथे येणार होता त्या माउंट प्लेझंट गावाने मात्र जमीन, रस्ते आणि पाण्यावर आधीच खर्च करून ठेवला होता. तिथली बरीच जागा पुढे मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरसाठी गेली, हे गावाचं नशीब.

करारनाम्यात सगळ्यात जास्त वाद ‘नोकरी’ या शब्दावर होतो. कायम, पूर्णवेळ, ठरलेल्या किमान वेतनाची आणि कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरची, अशी व्याख्या लिहा. कंत्राटी कामगार धरायचे की नाही, ते स्पष्ट करा. जवळच्या दुसऱ्या शाखेतून हलवलेली माणसं नवीन मोजू नका. मोजणी एका तारखेची नको. बारा महिन्यांची सरासरी घ्या, नाहीतर तपासणीच्या आठवड्यात भरती होते आणि पुढच्या महिन्यात गेटवर निरोप मिळतो. नुसत्या यंत्रांच्या गुंतवणुकीवर सवलत ठेवलीत, तर यंत्रमानव येतील आणि माणसं बाहेरच राहतील.

कबुली पाळली नाही तर सवलत परत घेण्याचं, म्हणजे वसुलीचं कलम प्रमाणात ठेवा. 200 कबूल करून 150 भरले तर सवलतही 75 टक्केच. मंदीत नोकऱ्या दहा टक्क्यांपर्यंत कमी भरल्या तर चालवून घेणं ठीक आहे, त्याहून जास्त नको. मुदतही लिहा. युरोपीय संघाच्या प्रादेशिक मदतीच्या नियमांत गुंतवणूक त्या भागात किमान पाच वर्षं, लहान-मध्यम उद्योगांसाठी तीन वर्षं टिकवावी लागते. सुरुवातीला ते माप चालेल.

कारखाना बहुधा नव्या, रिकाम्या उपकंपनीच्या नावावर असतो. ती गुंडाळली की वसूल करायला उरतं काय? म्हणून मूळ कंपनीची हमी किंवा बँक गॅरंटी घ्या आणि कारखाना विकला तर अटी खरेदीदारावर जातील, असं कलम टाका. दरवर्षी पगारपत्रकं तपासायची कुणी, त्याचा खर्च कुणाचा आणि अहवाल किती तारखेपर्यंत सभागृहात यायचा, हे करारातच पदनामासह लिहा. अहवाल चुकला तर त्या वर्षीची सवलत आपोआप थांबेल, अशी अट ठेवा. नोटीस काढण्यावर ते सोपवलं तर ती कुणीच काढत नाही.