१९३२ची फोर्ड हॉट रॉड रोडस्टर घेताय? या चुका टाळा

हॉट रॉड म्हणजे इंजिन, चासी वगैरे बदलून वेगवान केलेली जुनी गाडी, आणि रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची गाडी. अमेरिकेत 'ड्यूस' म्हणून ओळखली जाणारी ही १९३२ची फोर्ड नव्याने सजवून विकायला येते, तेव्हा नजर आधी रंगावर जाते. पाहणी मात्र गाडीच्या खालून सुरू करा, रंग शेवटी बघा.

कागदावर '१९३२' आहे म्हणून गाडी मूळ समजणं

फायबरच्या बॉड्या तर मिळतातच, पण ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी पत्र्याचीही नवी बॉडी बनवते. नवी चासीही विकत मिळते. त्यामुळे लोहचुंबक चिकटला तर एवढंच कळतं की बॉडी फायबरची नाही. तोच चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. पकड जिथे ढिली पडते तिथे पुट्टी जाड आहे. मूळ चासी नंबर चासीच्या डाव्या रेलच्या (लांब उभ्या पट्टीच्या) वरच्या बाजूला ठोकलेला असतो. व्ही-८ गाडीचा नंबर १८ने सुरू होतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना तारा असतो. तो टायटलशी (मालकीच्या कागदाशी) अंक न् अंक जुळला पाहिजे.

ब्रेक पेडल खोल गेलं की 'लाइनमध्ये हवा असेल' म्हणून सोडून देणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. १९३२च्या फोर्डला दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक होते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९मध्ये आणले. म्हणजे ड्यूसमध्ये ते नंतर बसवलेले असतात. हॉट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) बहुधा फ्लोअरखाली, चाकांच्या सिलिंडरपेक्षा खालच्या पातळीवर बसवतात. पाय उचलला की ऑइल मागे ओघळतं. मग पहिल्या दाबाला पेडल खोल जातं आणि दुसऱ्या दाबाला घट्ट लागतं. अशा वेळी कितीही ब्लीडिंग केलं (लाइनमधली हवा काढली) तरी फरक पडत नाही. लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो. डिस्क ब्रेकला २ पीएसआय (दाबाचं एकक), ड्रम ब्रेकला १० पीएसआय. डिस्कच्या लाइनवर १०चा बसवला तर पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. ड्रमच्या काही मास्टर सिलिंडरमध्ये हा व्हॉल्व्ह आतच असतो, तिथे दुसरा जोडू नका. एकेरी मास्टर सिलिंडर (चारही चाकांना एकच) असेल तर एक पाइप फुटताच चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळा भाग असलेला) बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

स्टिअरिंगची थरथर डॅम्परने दाबणं

डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) दोष झाकतो, काढत नाही. आधी किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ), टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) आणि चाकांचा बॅलन्स तपासा, मग कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकाव, मोजा. ५ ते ७ अंश हवा. गाडीचं नाक खाली झुकवलं की कॅस्टर कमी होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) १.५ ते ३ मिमी पुरे. आडवा लीफ स्प्रिंग (पट्ट्यांचा) आणि क्रॉस स्टिअरिंग (गाडीला आडवा दांडा असलेलं) एकत्र असेल तर पॅनहार्ड रॉड, म्हणजे अॅक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा, हवाच. नाहीतर स्टिअरिंग फिरवताच चाकं वळण्याआधी बॉडी बाजूला सरकते.

फ्लॅटहेड इंजिन पाच मिनिटं चालवून पसंत करणं

फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं फोर्डचं जुनं व्ही-८ इंजिन. या इंजिनात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधूनच जातात, म्हणून ते लवकर तापतं. व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्यामध्ये तडा जाणं हा त्याचा जुना रोग. अर्धा तास रस्त्यावर पळवा, मग जागेवर चालू ठेवून तापमानाचा काटा बघा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले तर ब्लॉकला तडा आहे किंवा हेड गॅस्केट गेलंय.

भारतात आणून 'व्हिंटेज' नोंदणी मिळेल असं धरून चालणं

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली चालत नाही. हॉट रॉडमध्ये बहुधा तिन्ही बदललेले असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओत विचारून घ्या.