बुलेट पिकअपमध्ये बांधताना

इंदूरहून पुण्याला बुलेट पिकअपमधून न्यायची, तर दोर वाटेत ढिला पडायचा. खड्ड्यात पुढचे शॉकअप दबले की दोर सैल! मग पुढचं चाक केबिनमागच्या जाळीला टेकवलं. दोराऐवजी रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे हँडलच्या टोकांना न लावता खाली फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) धरणाऱ्या क्लॅम्पला घातले आणि शॉकअप निम्मे दबेपर्यंत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळले. टाकीला पट्टा घासतो तिथे गोधडीचं फडकं. मागचं चाक वेगळं बांधलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये. चढवताना कुणीही गाडीवर बसू नये, हे माझं ठाम मत. लांब फळी घ्या, हँडलवाल्याचा हात ब्रेकवर, दोघं मागून. मानपूर घाटाआधी थांबून पट्टे पुन्हा आवळले, थोडे सैल झालेच होते. सेंधव्यापुढे बिजासन घाटात बुलेट जागची हलली नाही.