लॉकडेपच्या रिपोर्टमधे दोन्ही लॉकचं नाव सेमच येतंय? हे करून बघा

लिनक्स ड्रायव्हरमधे लॉकडेपकडून (कर्नलमधलं लॉकिंगच्या चुका शोधणारं टूल) 'पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग डिटेक्टेड' (म्हणजे घेतलेलाच लॉक परत घेतोय असा संशय) येत होतं, लॉक वेगळे पण नाव दोन्हीकडे एकच, वैताग आला. म्युटेक्स_लॉक_नेस्टेडने (हा लॉक मुद्दाम दुसऱ्याच्या आत घेतोय असं लॉकडेपला सांगणारा कॉल) मेसेज गेला पण नाव तेच, फक्त मागे /१. कारण म्युटेक्स_इनिट (म्युटेक्स म्हणजे लॉक, तो सुरुवातीला तयार करणारा) हा मॅक्रो आहे, जिथे लिहिलाय तिथे एक स्टॅटिक की (लॉकडेप लॉकचा क्लास, म्हणजे गट, हिच्यावरून ओळखतं) बनते, आणि आमचे सगळे लॉक एकाच हेल्पर फंक्शनमधून इनिट व्हायचे म्हणून लॉकडेपसाठी सगळ्यांचा क्लास एकच.

आधी हेल्परचा मॅक्रो केला, त्यात स्टॅटिक लॉक_क्लास_की ठेवली, म्हणजे मॅक्रो वापरलेल्या प्रत्येक जागी वेगळी की (स्टॅकवरची चालत नाही, लॉकडेप बंदच पडतं), मग ती की आणि लॉकचं नाव स्ट्रिंग म्हणून आतल्या फंक्शनला देऊन तिथे __म्युटेक्स_इनिट. रीबूट कराच, पहिल्या रिपोर्टनंतर लॉकडेप थांबतं. आता /प्रॉक/लॉकडेपमधे नावं वेगळी दिसतात.