स्टिक मेली नव्हती, उपाशी होती

रविवारी मॅच लावायला टीव्ही सुरू केला, तर ‘नो सिग्नल’. मागे वाकून पाहिलं, टीव्हीवर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग स्टिकचा बारीक दिवाही विझलेला. रिमोटचे सेल बदलले, एचडीएमआय पोर्ट बदलला, ढिम्म. आई म्हणाली, “टाक ते, नवीन घे.”

मग आठवलं, दिवाळीच्या साफसफाईत मीच स्टिकचा अडॅप्टर काढून तिची वायर टीव्हीच्या यूएसबी पोर्टात खोचली होती. एक प्लग वाचला म्हणून वर खूशही झालो होतो! त्या पोर्टातून साधारण ०.५ अँपिअर करंट मिळतो. माझ्या स्टिकच्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट, १ अँपिअर छापलंय. बरेच दिवस कशीबशी चालली, मग बसली.

अडॅप्टर शोधून लावला. तरी अंधारच. आता संशय वायरवर. तिला आईचा जुना मोबाइल जोडला: पिन जरा वाकवून धरली की चार्जिंग, हात सोडला की बंद. मायक्रो यूएसबीचं टोक सैल झालेलं. ड्रॉवरमधली दुसरी वायर लावली आणि दिवा पेटला. पण गाडी लोगोवरच अडकली. पुन्हा सगळं काढलं, पाच मिनिटं थांबून परत लावलं, तेव्हा कुठे होम स्क्रीन आली. तोवर मॅचची १० षटकं उरकली होती.