अडलेली गाय आणि वासराचे पहिले दोन तास
सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यातील खिलार गाय सहसा कोणाच्या मदतीवाचून विते. अडण्याची वेळ येते ती बहुधा संकरित पहिलारू कालवडीवर, कारण लहान चणीच्या कालवडीला मोठ्या होल्स्टिन वळूचे रेतन झाले असेल, तर वासराचे डोके आणि कालवडीच्या कटीची वाट यांचा मेळ बसत नाही.

पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसताच घड्याळ पाहून ती वेळ लिहून ठेवावी. जोराच्या कळा येत असूनही गाईच्या बाबतीत अर्धा तास आणि कालवडीच्या बाबतीत तासभर काहीच पुढे सरकले नाही, तर त्याच क्षणी पशुवैद्यकांना बोलवावे किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करावा. वासराच्या पुढच्या दोन पायांचे तळ खाली आणि त्यांवर नाक टेकलेले असेल, तर वासरू सरळ आहे. तळ वर असतील तर ते बहुधा मागचे पाय असतात. अशा वेळी डोके आत असतानाच नाळ दाबली जाऊन वासरू गुदमरते, म्हणून उशीर परवडत नाही. एकच पाय, नुसते डोके किंवा नुसती शेपूट दिसत असल्यास ओढू नये. पंढरपुरी म्हशीच्या बाबतीत विशेष सावध राहावे, कारण म्हशींमध्ये गर्भपिशवीला पीळ पडण्याचे प्रमाण अधिक असते आणि अशा वेळी अस्वस्थता असूनही बाहेर काहीच दिसत नाही.

वासरू सरळ आणि वाट पुरेशी मोकळी असेल तरच, हातमोजे घालून, कळेबरोबर ओढावे आणि कळ थांबली की आपणही थांबावे. दोन माणसांच्या बळाने जे येत नाही ते ट्रॅक्टरने ओढणे म्हणजे गाय आणि वासरू दोन्ही गमावणे होय, हे मी कळकळीने सांगतो.

वासरू बाहेर येताच नाकातोंडातील चिकटा पुसावा, कडब्याची काडी नाकपुडीत हलकेच फिरवावी, गोणपाटाने अंग जोराने चोळावे आणि त्याला छातीवर बसते करावे. उलटे टांगून ठेवण्याची पद्धत सोडावी. पोटाचा भार फुप्फुसांवर येऊन श्वास अधिकच अडतो. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. तिला शेण किंवा राख लावू नये.

जार, म्हणजे वासरामागून पडणारी वार, पडेपर्यंत धार काढायची नाही, ही समजूत आपल्याकडे अनेक वासरांच्या मुळावर येते. रोगप्रतिकारक द्रव्ये आईच्या रक्तातून वासराला पोटात असताना मिळत नाहीत, ती चिकातूनच, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातूनच, मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटत जाऊन सुमारे चोवीस तासांत संपते. त्यामुळे २५ किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत सव्वा ते दीड लिटर आणि पहिल्या बारा तासांत एकूण अडीच लिटर चीक मिळालाच पाहिजे. खरवस त्यानंतर उरलेल्या चिकाचा करावा. जार बारा तासांत पडला नाही, तर त्याला वीट बांधू नये, तो ओढूही नये, पशुवैद्यकांना दाखवावे.