टेरिअरचं पिल्लू घरी आणताना: आधीच्या तयारीपासून पहिल्या काही महिन्यांपर्यंत

'टेरिअर' हे शिकारी कुत्र्यांच्या एका गटाचं नाव लॅटिनमधल्या 'टेरा' म्हणजे जमीन या शब्दापर्यंत जातं. कोल्हा, बॅजर, उंदीर यांच्या मागे थेट बिळात शिरणारा, म्हणून टेरिअर. बिळाच्या अंधारात मालकाचा हुकूम पोचत नाही. पुढे सरकायचं, भुंकायचं की झडप घालायची, हे कुत्र्याने एकट्याने ठरवायचं असतं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या असेच कुत्रे निवडून वाढवले. जॅक रसेल टेरिअरला ज्यांचं नाव मिळालं ते जॉन रसेल हे 19 व्या शतकातले इंग्लंडच्या डेव्हनमधले पाद्री. त्यांनी कोल्ह्याच्या शिकारीसाठीच हे कुत्रे तयार केले.

हे आधी सांगतेय, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. टेरिअरचं पिल्लू उकरतं, पळत्या वस्तूमागे धावतं, खुट्ट झालं की भुंकतं. हा त्याचा हट्टीपणा नाही, हे त्याच्या रक्तातलं काम आहे. ते मोडून काढायच्या मागे लागलात तर दोघंही दमाल. त्या कामाला घरात जागा करून दिलीत तर हेच पिल्लू फार गोड सोबती होतं.

पिल्लू यायच्या आधी

गुडघ्यांवर बसा आणि रांगत सगळं घर फिरा. लोंबणाऱ्या विजेच्या वायरी, सोफ्याखालची फट, उघडा कचऱ्याचा डबा हे सगळं त्या उंचीवरूनच दिसतं. अंगण असेल तर कुंपणाचा खालचा भाग हाताने चाचपून बघा. जिथून पिल्लाचं डोकं जातं तिथून बहुतेक वेळा ते अख्खं जातं, आणि जिथून जात नाही तिथे ते उकरून वाट करतं.

उंदीर मारायचं औषध घरात किंवा आवारात कुठेही असेल तर आजच काढून टाका. ते औषध खाऊन अर्धमेला झालेला उंदीर टेरिअर पकडणारच, आणि मग विष त्याच्याही पोटात जाऊ शकतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि 'झायलिटॉल' हा गोडवा घातलेली च्युइंगमसुद्धा कुत्र्याला विषारी आहेत. या गोष्टी पिल्लाच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.

सामान फार लागत नाही: पिल्लाला उभं राहून वळता येईल असा क्रेट (म्हणजे झोपायचा पिंजरा), दोन जड वाडगे, चावायची तीन-चार मजबूत खेळणी, छातीवर बसणारा हार्नेस. यॉर्कशायरसारख्या छोट्या टेरिअरची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे गळ्याच्या पट्ट्याला दोरी लावून ओढण्यापेक्षा हार्नेस बरा.

घरातल्या सगळ्यांनी बसून शब्दही ठरवून घ्या. एकजण 'खाली बस', दुसरा 'बस' आणि तिसरा 'बैस' म्हणत राहिला, तर पिल्लाला काहीच कळत नाही.

आणायचा दिवस

पिल्लू किमान 8 आठवड्यांचं झालेलं असावं. त्याआधी आई आणि भावंडांकडून ते बरंच शिकत असतं. चावा किती जोरात घ्यायचा हा धडा त्यातलाच. शक्यतो सकाळी आणा, म्हणजे नवं घर बघायला रात्रीपर्यंतचा वेळ मिळतो. येताना आईच्या वासाचं एखादं फडकं आणा, आणि तिथे जे खात होतं तेच खाणं आणा. खाणं बदलायचंच असेल तर पोट स्थिरावल्यावर, आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदला.

घरी पोचलात की आधी शी-शूची जागा दाखवा, मग एकच खोली. त्या दिवशी पाहुणे नकोत. मुलांना जमिनीवर बसवा आणि पिल्लाला स्वतःहून त्यांच्यापर्यंत येऊ द्या. मुलांना एक नियम पक्का सांगा: पिल्लू जेवत असताना किंवा झोपलेलं असताना त्याला हात लावायचा नाही. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, त्याची हद्द नसलेल्या जागी घडवा. ससा, हॅमस्टर किंवा पक्षी असतील तर ते आणि पिल्लू एका खोलीत एकटे कधीच नकोत, कितीही मैत्री दिसली तरी.

पहिली रात्र

पिल्लू रडणार. कालपर्यंत ते भावंडांच्या उबेत झोपत होतं, आज पहिल्यांदा एकटं आहे. 'रडू दे, सवय होईल' असा सल्ला हमखास मिळतो, मला तो अजिबात पटत नाही. क्रेट आपल्या पलंगाशेजारी ठेवा. आत आईच्या वासाचं फडकं घाला. कुरकुर ऐकू आली की नुसता हात खाली सोडा. वास आणि स्पर्श मिळाला की बहुतेक पिल्लं शांत होतात. काही रात्री गेल्या की क्रेट हळूहळू हवा तिकडे सरकवता येतो.

मध्यरात्री एकदा तरी उठून शूला न्यावंच लागेल. दिवे मंद ठेवा, खेळू नका, बोलू नका. काम झालं की परत क्रेटमध्ये.

शी-शूची सवय

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि मध्ये दर तासा-दोन तासांनी त्याच जागी न्या. साधारण हिशोब असा की वयाचे जितके महिने तितके तास पिल्लू धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून चार तासांची अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. योग्य जागी झालं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्या, घरात आल्यावर नव्हे.

घरात झालं तर ओरडू नका. नाक त्यात घासणं तर क्रूरपणाच आहे. त्याने पिल्लू फक्त तुमच्यापासून लपून शू करायला शिकतं. जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियावाला क्लीनर टाळा, त्याचा वास पिल्लाला लघवीसारखाच लागतो आणि ते पुन्हा तिथेच जातं.

डॉक्टर, लसी आणि बाहेरचं जग

पहिल्या दोन-तीन दिवसांत प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांच्या लसी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस आणि जंताचं औषध कधी, हेही तिथेच लिहून घ्या.

पण लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडू नका. 3 ते सुमारे 14 आठवडे हाच काळ असा असतो की समोर येईल ते पिल्लू सहज आपलंसं करतं. कडेवर घेऊन बाहेर न्या. गाड्यांचे आवाज, छत्री, दाढीवाली माणसं, सायकली दाखवा, फक्त अनोळखी कुत्रे फिरतात त्या जमिनीवर सोडू नका.

चावणं

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात यायला लागतात. हिरड्या शिवशिवतात. हाताला चावलं की खेळ थांबवा, हात काढून घ्या आणि चावायचं खेळणं पुढे करा. आणि ते झोपेला आलंय का हेही बघा. या वयात पिल्लं दिवसाचे 18 ते 20 तास झोपतात, आणि अपुऱ्या झोपेचं पिल्लू सगळ्यात जास्त चावतं.

उकरायची हक्काची जागा

अंगणाचा एक कोपरा किंवा वाळू-मातीने भरलेला मोठा टब 'इथे उकर' म्हणून देऊन टाका. त्याच्या डोळ्यांदेखत खेळणं अर्धवट पुरा, ते काढलं की भरपूर कौतुक करा. दुसरीकडे उकरताना दिसलं की न रागावता उचलून इथे आणा. जागा नसेल तर जुन्या चादरींचा ढीग आणि त्यात लपवलेला खाऊ हेही चालतं. दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं असं नाकाचं काम मिळालं की संध्याकाळची धुडगूस बरीच कमी होते.

हाक मारली की येणं

नाव घ्या, आलं की खाऊ द्या. सुरुवात खोलीत, मग दारात, मग अंगणात. रागवायला किंवा नखं कापायला कधीही हाक मारून बोलावू नका. अशा वेळी स्वतः उठून त्याच्याकडे जा. घरात दहापैकी दहा वेळा आलं तरी बाहेर हार्नेसला लांब दोरी असू द्या. खार दिसली की टेरिअर पुन्हा बिळात शिरलेला असतो, आणि तिथे तुमची हाक पोचत नाही. कुंपण नसलेल्या जागी ती दोरी काढायची घाई करू नका, पिल्लू वर्षाचं झालं तरीही.