गच्चीवरच्या हायड्रोपोनिक्सची गळती

पुण्यात, कोथरूडमधल्या आमच्या गच्चीवर पालक आणि लेट्यूस हायड्रोपोनिक्सने, म्हणजे मातीशिवाय, पीव्हीसी पाइपांत पंपाने फिरवलेल्या खताच्या पाण्यावर वाढतं. पाणी टपकू लागलं की लगेच एम-सील लावायला धावू नका. आधी पंप बंद करा, पाइप कोरडा पुसा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर गुंडाळा आणि पंप पुन्हा सुरू करा. जो कागद आधी ओला होईल, गळती तिथलीच. जुनी गळती असेल तर खताच्या क्षारांचा पांढरा ओघळ दिसतोच.

पण एक बघा, पाणी नेटपॉटच्या (रोप ठेवायच्या जाळीदार कुंडीच्या) भोकातून वर येत असेल तर ती गळती नव्हेच. मुळांनी निचऱ्याचं तोंड अडवलंय. मुळं कात्रीने छाटा, काम झालं.

एंड कॅप, म्हणजे पाइपाच्या टोकाचं झाकण, गळत असेल तर आतलं पाणी पूर्ण काढा, सांधा सँडपेपरने घासा, सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी जोडायचा चिकट द्रव) दोन्ही बाजूंना लावून कॅप थोडी फिरवत दाबा. २४ तास पाणी सोडू नका. ओल्या पाइपावर सिमेंट धरत नाही. घाई इथेच नडते. आट्यांच्या जोडाला मात्र सिमेंट नको, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा.

बारीक नळी जिथे पाइपात शिरते, तिथला रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी सीलची रिंग) एप्रिल-मेच्या उन्हात कडक होऊन चिरतो. सिलिकॉन थापण्यापेक्षा तो बदलाच. रविवार पेठेत, बोहरी आळीत नळीचा तुकडा सोबत नेऊन माप जुळवून घ्या.